आपत्तीनंतर धंदा पुन्हां कसा उभा राहतो?

विद्यार्थिमित्रहो, भूगोलाच्या तासाला तुम्ही आपल्या दोन जिल्ह्यांतील नद्यांचीं नांवें पाठ करतां. उत्तरेकडून वैनगंगा येते, पश्चिमेकडून वर्धा येते. चपराळ्याजवळ त्या दोघी एक होऊन प्राणहिता हें नांव धारण करतात, आणि ती प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. पूर्वेकडे इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम ह्या तिघी भामरागडापाशीं भेटतात. नकाशांत हें निळ्या रेघांचें जाळें फार सुंदर दिसतें. परंतु ज्यांच्या वडिलांचें दुकान, गिरणी किंवा धानाची बांधी ह्या रेघांच्या कांठीं आहे, त्यांना ह्या भूगोलाचा आणखी एक धडा ठाऊक असतो, आणि तो पुस्तकांत छापलेला नाहीं. पूर आला म्हणजे माणसें वांचविण्याचें काम प्रथम. त्याविषयीं दुमत असण्याचें कारणच नाहीं. पण माणसें वांचलीं, पाणी ओसरलें, सरकारी नाव परत गेली, त्यानंतर काय? घर ज्या धंद्यावर चालत होतें तो धंदा पुन्हां केव्हां व कसा सुरू व्हावयाचा? ह्या प्रश्नाचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों. आणि हें वार्षिक घरीं गेल्यावर जे पालक तें चाळतील, त्यांनींही ह्या विचारांत सामील व्हावें अशी आमची विनंति आहे.

आमचें म्हणणें प्रारंभींच सांगून टाकतों. बुडालेला धंदा पुन्हां उभा राहतो तो पुरानंतरच्या धडपडीनें थोडा, आणि पुरापूर्वीं ठरवून ठेवलेल्या गोष्टींनीं फार. शिवाय, ज्या गोष्टी आधीं वांचवावयाच्या त्या बहुधा दुकानांतील सर्वांत मोलाच्या दिसणाऱ्या गोष्टी नसतात. हें दुसरें वाक्य कांहींसें विचित्र वाटेल. म्हणून तें उदाहरणांनीं पटवून देणें आम्हांस भाग आहे.

फार जुन्या काळांत जावयास नको. २०२० च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस मध्यप्रदेशांत अतिवृष्टि झाली, तेथील संजय सरोवराचें पाणी वैनगंगेंत उतरलें, आणि भंडारा जिल्ह्यांतील गोसीखुर्द धरणाचे सर्वच्या सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले. पाऊस पडला दूर, आणि बुडालें येथें! ब्रह्मपुरी तालुक्यांतील लाडजसारखीं गांवें, वडशाकडील नदीकांठ, उभें धान, घरें, दुकानें, सर्व पाण्याखालीं गेलें. त्यानंतर दोनच वर्षांनीं, २०२२ च्या जुलैंत, वर्धा व इरई ह्या नद्यांनीं चंद्रपूरच्या सखल वस्त्यांत पाणी आणलें, आणि दक्षिणेस सिरोंचा तालुक्यांत गोदावरीच्या पुरामुळें अनेक गांवें रिकामीं करावीं लागलीं. भामरागडची गोष्ट तर निराळीच आहे. २०१९ च्या एका पावसाळ्यांत पर्लकोटेच्या पुलावरून अनेक वेळां पाणी गेलें, तें बाजारपेठेंत शिरलें, आणि तालुक्याचा बाहेरच्या जगाशीं असलेला संबंध पुनःपुन्हां तुटला. ज्या दुकानदारास एकाच पावसाळ्यांत एकाहून अधिक वेळां दुकान रिकामें करून पुन्हां मांडावें लागतें, त्याच्यापाशीं ह्या विषयाचें जें ज्ञान असतें, तें मोठ्या शहरांतील पदवीधरांपाशींही क्वचितच सांपडेल.

वाणिज्यशास्त्रांत ह्या विषयाला आतां स्वतंत्र स्थान मिळालें आहे, आणि मोठ्या पेढ्या व बँका त्यासाठीं जाड जाड पोथ्या तयार करून ठेवतात. पोथी जाड असली तरी आंतील प्रश्न साधे असतात. काय थांबलें असतां सर्वच थांबेल? तें किती दिवस थांबलेलें चालेल? तें पुन्हां सुरू करावयास कोण, काय व किती लागेल? भामरागडच्या दुकानदारास हे तिन्ही प्रश्न पाठ असतात. तो ते कागदावर लिहीत नाहीं, इतकेंच.

आतां एक हिशेब करूं. अशी कल्पना करा कीं, नदीकांठच्या एका मोठ्या गांवांत एक किराणा दुकान आहे. आंत ३ लाख रुपयांचा माल आहे. गांवाकडून उधारीचे १,४०,००० रुपये येणें आहेत. कारण रोवणीपासून धान विकेपर्यंत आपल्याकडील पुष्कळसा व्यवहार उधारीवर चालतो, हें सर्वांस माहीत आहे. दुकानदार स्वतः ठोक व्यापाऱ्याचें १,१०,००० रुपये देणें लागतो. एका रात्रीं पूर आला. दुकानदारानें व त्याच्या मुलांनीं जिवाच्या आकांतानें तेलाचे डबे व साखरेचीं पोतीं माळ्यावर चढविलीं. तरी निम्मा माल, म्हणजे दीड लाखाचा, गेला. उधारीची वही गल्ल्याच्या खालच्या खणांत होती. तिचा लगदा झाला.

सकाळीं त्याचें नुकसान किती झालें? सातवीचा मुलगा चटकन् सांगेल, दीड लाख. हें उत्तर चुकीचें आहे. येणें असलेले १,४०,००० रुपये आतां ग्राहकांच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहिले. आपला शेतकरी प्रामाणिक आहे, ह्यांत आम्हांस शंका नाहीं. परंतु त्याचेंही धान त्याच पाण्यांत गेलेलें आहे, आणि आंकडा नक्की किती होता हें त्यालाही आठवत नाहीं. उलट दुकानदाराचें देणें मात्र ठोक व्यापाऱ्याच्या वहींत, चंद्रपुरास किंवा नागपुरास, एका कोरड्या कपाटांत सुखरूप आहे. म्हणजे पुरानें येणें बुडविलें आणि देणें जसेंच्या तसें ठेविलें! जमाखर्चाची एकच बाजू पुसून टाकणारें हें पाणी मोठें पक्षपाती आहे असें म्हणावें लागतें. आतां त्या रात्रीच्या धांवपळीकडे पुन्हां पाहा. साखरेचें एक पोतें ५० किलोचें, किंमत सुमारें दोन हजार रुपये. तें उचलावयास दोन माणसें लागलीं. वहीचें वजन अर्धा किलो, आणि तिची किंमत १,४०,००० रुपये. ती उचलावयास एक लहान मुलगी पुरली असती.

आमच्या परिचयाचे एक वयस्क दुकानदार आहेत. त्यांचें दुकान आजवर अनेकदां पाण्याखालीं गेलेलें आहे. त्यांस आम्हीं एकदां विचारलें, "काकाजी, पाणी चढूं लागलें म्हणजे तुम्ही आधीं काय उचलतां?" ते हंसून म्हणाले, "पयले वही उचलाची, गुरुजी. मंग साखर. साखर काय, नागपूरले मिळते." ह्या उत्तरांत वाणिज्याच्या एका मोठ्या प्रकरणाचें सार आलेलें आहे असें आम्ही मानतों. जें बाजारांत पुन्हां विकत मिळतें, तें गेलें तर नुकसान होतें. जें कोठेंच विकत मिळत नाहीं, तें गेलें तर धंदा जातो.

कोणी म्हणेल, आतां वही कोण ठेवतो? खातें तर मोबाइलवर आहे. ठीक आहे, परंतु मोबाइलही पाण्यांत पडतो, आणि पुरानंतर गांवांत कित्येक दिवस वीज नसते. प्रश्न वहीचा कीं यंत्राचा हा नाहीं. हिशेबाची दुसरी प्रत घराबाहेर, आणि शक्य तर नदीच्या खोऱ्याबाहेर, आहे कीं नाहीं, हा खरा प्रश्न. आठवड्यांतून एकदां उधारीच्या पानांचें छायाचित्र घेऊन तें दुसऱ्या गांवच्या मामाकडे किंवा आत्याकडे पाठवून देणें, ह्यास दहा मिनिटें लागतात. जमिनीचा सातबारा, दुकानाचा परवाना, विम्याचा कागद, बँकेचें पुस्तक, ठोक व्यापाऱ्यांचे पत्ते व दूरध्वनि क्रमांक, ह्यांचीही तशीच प्रत असावी. हें काम विद्यार्थ्यांनीं आपल्याकडे घ्यावें असें आम्हांस वाटतें. वडिलांपेक्षां मुलांच्या हातांत मोबाइल अधिक वेळ असतो, अशी पालकांची तक्रार आमच्याकडे नेहमीं येतेच!

हीच गोष्ट एका फार दूरच्या शहरांत मोठ्या प्रमाणावर घडलेली आहे, ती येथें सांगण्यासारखी आहे. १८ एप्रिल १९०६ रोजीं पहांटे अमेरिकेच्या सॅन फ्रान्सिस्को शहरांत भयंकर भूकंप झाला, आणि मागोमाग लागलेल्या आगींत शहराचा मोठा भाग भस्म झाला. तेथें अमादेओ जियानिनी नांवाचा एक गृहस्थ होता. इटलीहून आलेल्या कुटुंबांत तो जन्मला, पूर्वीं भाजीपाल्याचा ठोक व्यापार करी, आणि दोनच वर्षांपूर्वीं त्यानें एक लहानशी बँक काढली होती. आग जवळ येत आहे हें पाहून त्यानें बँकेंतील रोकड व हिशेबाचे कागद घोड्याच्या गाड्यांत घातले, वर फळभाज्यांच्या पेट्या रचल्या, आणि तें सर्व शहराबाहेर आपल्या घरीं नेलें. मोठमोठ्या बँकांच्या पोलादी तिजोऱ्या आगींतून वांचल्या खऱ्या. पण त्या इतक्या तापल्या होत्या कीं, कित्येक दिवस उघडतां येईनात. घाईनें उघडल्यास आंतील नोटा पेट घेतील अशी भीति होती. इकडे जियानिनीनें थोड्याच दिवसांत धक्क्यावर दोन पिंपांवर एक फळी टाकली आणि घरें-दुकानें पुन्हां बांधूं पाहणाऱ्यांस कर्ज देण्यास प्रारंभ केला. पुढें ह्याच बँकेची बँक ऑफ अमेरिका झाली. त्याची इमारत जळाली. पण पैसा, हिशेब आणि आपल्या माणसांची ओळख ह्या तीन गोष्टी त्याच्यापाशीं होत्या. त्याची बँक लहान होती म्हणूनच ती गाडींत मावली, हेंही खरें. लहान दुकानदारानें आपल्या लहानपणाचें वाईट वाटून घेऊं नये.

आतां आपल्या नदीकडे परत येऊं. वैनगंगेच्या महापुरांत एक गुण आहे, जर त्यास गुण म्हणावयाचें असेल तर: तो बहुधा चालत येतो. वरच्या धरणाचे दरवाजे उघडल्यापासून पाणी आपल्या दारांत येईपर्यंत कांहीं तास, कधीं कधीं एखादा दिवसही मिळतो. भूकंपांत ही सवलत नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या लोकांस एक क्षणही मिळाला नाहीं. ही सवलत आपण कशी वापरतों? पुष्कळ घरांत पहिले दोन तास "एवढें कांहीं येत नाहीं" असें म्हणण्यांत जातात, पुढचे दोन नदी पाहावयास जाण्यांत, आणि उरलेल्या वेळांत सर्वजण एकाच वेळीं सर्व कांहीं उचलूं लागतात. कोणी काय उचलावें हें आधीं ठरलेलें असेल, तर तेवढ्याच माणसांकडून दुप्पट काम होतें. आईनें कागदांची पेटी घ्यावी, मोठ्या मुलानें विजेचा मुख्य खटका बंद करावा, गड्यांनीं औषधें, तेल, डाळी ह्या क्रमानें माल वर न्यावा. मिठाचीं पोतीं राहूं द्यावीं. मीठ स्वस्त आहे आणि जड आहे. काय सोडून द्यावयाचें हें ठरविणें हा पूर्वतयारीचा अर्धा भाग आहे, आणि लोभामुळें तोच आपल्याला जड जातो.

सांठ्याच्या बाबतींत भामरागडसारख्या ठिकाणीं मोठा पेंच पडतो. पावसाळ्यांत रस्ता बंद पडणार, आलापल्लीकडून गाडी येणार नाहीं, म्हणून सांठा भरपूर हवा. आणि बाजारांत पाणी शिरणार, म्हणून सांठा मुळींच नको! सरकारपुढेंही हाच पेंच आहे. नवसंजीवन योजनेखालीं दुर्गम गांवांना पावसाळ्यापूर्वींच पुढील महिन्यांचें धान्य पोंचविण्यांत येतें, तें ह्याच कारणानें. व्यापाऱ्याला ह्यांतून एकच मार्ग दिसतो: सांठा करावा, पण एका जागीं करूं नये. दुकानांत आठ दिवसांपुरता माल, आणि बाकीचा उंचावरील एखाद्या घरीं, मग तें घर नातलगाचें असो कीं भाड्याचें असो. भाडें द्यावें लागेल ही गोष्ट खरी. परंतु चार महिन्यांचें भाडें हें एका रात्रीच्या नुकसानीच्या मानानें कांहींच नव्हे.

पाणी ओसरल्यावरचे पहिले दोन दिवस सर्वांत अवघड. चिखल पाहून मनुष्याचा स्वाभाविक कल असा होतो कीं, झाडू घ्यावा आणि सगळें धुऊन काढावें. थोडें थांबावें. आधीं प्रत्येक भिंतीचें, प्रत्येक फळीचें, भिजलेल्या प्रत्येक ढिगाचें छायाचित्र घ्यावें. वाया गेलेल्या मालाची यादी करावी. तलाठ्याचा पंचनामा होईपर्यंत नुकसानीचा पुरावा फेंकून देऊं नये. २२ जुलै २०२१ रोजीं कोंकणांत चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्यांत बुडाली. त्या सालच्या पुरानंतर राज्यसरकारनें नुकसान झालेल्या दुकानदारांस ५०,००० रुपयांपर्यंत व टपरीवाल्यांस १०,००० रुपये मदत जाहीर केली. मदत ही उपकारक आहे, ती घ्यावी. परंतु वरील उदाहरणांतील दुकानदाराचें नुकसान ह्या आंकड्याशीं ताडून पाहा, म्हणजे केवळ मदतीच्या भरंवशावर राहणें किती अपुरें आहे हें कळून येईल.

भिजलेल्या मालाविषयीं आमचें मत कठोर आहे, तें कठोर शब्दांतच सांगतों. पुराचें पाणी म्हणजे पावसाचें पाणी नव्हे. त्यांत गटारें, गोठे, शौचालयें, मेलेलीं जनावरें सर्व असतें. ज्या पिठाला, बिस्किटांना किंवा औषधांना तें लागलें, तीं वाळवून विकणें हें पाप आहे आणि मूर्खपणाही आहे. गांवांत हगवण लागली म्हणजे लोक एक एक पुडी आठवून काढतात. दहा हजारांचा माल पुरून टाकल्यानें दुकान बुडत नाहीं. तो विकल्यानें मात्र बुडूं शकतें. तीच गोष्ट भावाची. पुरानंतर ताडपत्री, मेणबत्त्या, आगपेट्या व दोर ह्यांस एकाएकीं मागणी येते. त्या आठवड्यांत दुप्पट भाव घेणारा दुकानदार त्या आठवड्यापुरता श्रीमंत होतो, आणि पुढें अनेक वर्षें लोक त्याच्या दुकानावरून दुसऱ्या दुकानीं जातात.

विम्याविषयीं आपल्या भागांत दोन गैरसमज आहेत. एक असा कीं, विमा फक्त मोठ्या कारखान्यांचा असतो. वस्तुतः १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नांवाचा विमा सुरू झालेला आहे. ज्यांची इमारत, यंत्रें व माल मिळून किंमत ५ कोटींपर्यंत आहे अशा धंद्यांसाठीं तो असून, आगीबरोबर पुराचाही त्यांत समावेश होतो. दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. हप्ता वाचावा म्हणून कित्येक लोक ८ लाखांच्या मालाचा ४ लाखांचाच विमा उतरवितात आणि मनांत म्हणतात, "सगळा माल थोडाच बुडणार आहे? २ लाखांचा बुडाला तर २ लाख मिळतील." तसें होत नाहीं. विमा निम्म्याच किंमतीचा उतरविला असेल, तर कंपनी नुकसानही साधारणतः त्याच प्रमाणांत भरून देते. म्हणजे २ लाखांपैकीं सुमारें १ लाखच हातीं येतो. त्रैराशिक शिकतांना "हें आम्हांला पुढें कोठें उपयोगी पडणार?" असें जे विद्यार्थी विचारतात, त्यांनीं हें उदाहरण वडिलांस सोडवून दाखवावें.

विम्याचा पैसा यावयास वेळ लागतो. तोंवर काय? येथें दुसरा एक हिशेब करावा लागतो, आणि तो फारच थोड्या घरांत केलेला असतो. दुकान बंद असतांनाही थांबत नाहीं असा खर्च किती? आपल्या उदाहरणांत भाडें ४,०००, गड्याचा पगार ९,०००, कर्जाचा हप्ता ६,०००, वीज वगैरे १,००० आणि घरखर्च १२,००० धरूं. एकूण महिना ३२,००० रुपये झाले. बँकेंत जर १६,००० रुपये शिल्लक असतील, तर हें दुकान पंधरा दिवस बंद राहूं शकतें, सोळावा दिवस त्याला परवडत नाहीं. म्हणून सर्व दुकान पूर्वीसारखें सजेपर्यंत वाट पाहणें हें त्याच्या हातीं नाहीं. त्यानें पांचव्या-सहाव्या दिवशीं एक फळी टाकून मीठ, तेल, चहा, डाळ, साबण व झाडू एवढ्याच वस्तू विकावयास बसावें. रंगरंगोटी दिवाळीस होईल. ठोक व्यापाऱ्यासही पहिल्या आठवड्यांतच भेटावें. देणेकरी तोंड चुकवूं लागला म्हणजे व्यापारी घाबरतो. तो स्वतः येऊन, वही दाखवून, "इतकें येणें आहे, इतकें गेलें, तीन हप्त्यांत देतों" असें म्हणाला, तर नवा माल मिळण्याची आशा असते. येथें पुन्हां वहीच उपयोगी पडते, हें लक्षांत आलें असेलच.

धानाच्या गिरणीचा क्रम थोडा निराळा. तेथें सर्व कांहीं विजेच्या मोटारीवर अवलंबून, आणि भिजलेली मोटार "चालते कां पाहूं" म्हणून खटका दाबणाऱ्यानेंच बहुधा जळते. ती उघडून, पूर्ण वाळवून, जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावी. पूर ओसरल्यावर सर्व तालुक्यांतील मोटारी एकदमच त्याच्याकडे जातात, म्हणून त्याच्याशीं आधींच बोलून ठेवणारा गिरणीवाला पंधरा दिवस आधीं सुरू होतो. ओल्या धानाला मात्र वाट पाहतां येत नाहीं. दोन-तीन दिवस ढिगांत राहिलें कीं त्याला कोंब फुटतात. शेतकऱ्यास तर पंचांगच पाहावें लागतें. पूर जुलैंत आला तर राखून ठेवलेल्या बियाण्याचे पुन्हां पऱ्हे टाकतां येतात. तो २०२० सारखा ऑगस्टच्या शेवटीं आला तर रोवणीचा काळ गेलेला असतो, आणि ओलीवर लाखोळी, जवस किंवा हरभरा घेण्याकडेच वळावें लागतें. ह्यासाठीं थोडें बियाणें उंच ढोलींत वेगळें काढून ठेवलेलें असणें एवढीच पूर्वतयारी. पण ती ज्यानें केलेली नसते त्याला त्या वर्षीं बियाणें मिळेल त्या भावानें घ्यावें लागतें.

सर्वच संकटें पाण्यावाटे येत नाहींत. वडसा म्हणजेच देसाईगंज हें झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचें माहेरघर. दिवाळीपासून होळीपर्यंत मंडईच्या व शंकरपटाच्या निमित्तानें गांवोगांव रात्र रात्र नाटकें होतात. त्यांवर नटच नव्हेत, तर पडदेवाले, वादक, मंडपवाले, चहावाले अशीं हजारों कुटुंबें जगतात. ह्या रंगभूमीचे एक नट परशुराम खुणे ह्यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, हें आपणांस ठाऊकच असेल. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी आली, आणि त्यानंतरचा हंगाम पूर्वीसारखा उभाच राहूं शकला नाहीं. येथें एकही पडदा भिजला नव्हता, एकही पेटी वाहून गेली नव्हती. गिऱ्हाईकच घरांत कोंडलें गेलें होतें. तरी हा धंदा पुन्हां उभा राहिला. त्याचें कारण आम्हांस असें दिसतें कीं, त्याचें भांडवल पडद्यांत नव्हतेंच. गांवकरी वडशास येऊन नाटक ठरवितात तें ओळखीवर व शब्दावर. तो शब्द टिकून होता. मात्र मधल्या काळांत ज्या कलावंताच्या हातांत दुसरें एखादें काम होतें, शेती, शिवणकाम, रंगकाम कांहींही, तोच तग धरून राहिला. एकाच हंगामावर वर्ष काढणाऱ्या प्रत्येक घरानें, मग तें तेंदूपत्त्यावर असो कीं मोहफुलांवर, ह्याचा विचार करावा.

आतां विद्यार्थ्यांकडे एक काम सोंपवून आम्ही लेखणी खालीं ठेवतों. उन्हाळ्याच्या सुटींत, मृग लागण्यापूर्वीं, वडिलांजवळ बसून एका कागदावर कांहीं गोष्टी लिहून काढा: आपलें येणें किती व देणें किती, बंद दुकानाचा महिन्याचा खर्च किती व त्यासाठीं शिल्लक किती, पाणी आलें तर कोणी काय उचलावयाचें व काय सोडावयाचें, माल कोणाच्या घरीं न्यावयाचा, आणि दुकान उघडल्यावर पहिल्या दिवशीं काय विकावयाचें. ज्यांच्या घरीं दुकान नाहीं, त्यांनीं शेतीचा असाच कागद करावा. वडील प्रथम म्हणतील, "कशाला अभद्र बोलतोस?" त्यांस आदरानें सांगावें कीं, छत्री घेतल्यानें पाऊस येत नाहीं. कागद दरवर्षीं नवा करावा, कारण उधारी बदलते, भाव बदलतात आणि गडीही बदलतात.

ज्या घरांत पूर्वीं पाणी आलें असेल तेथें आणखी एक गोष्ट करावी. पाणी जेथपर्यंत चढलें होतें तेथें भिंतीवर रंगाची रेघ ओढून खालीं वर्ष लिहावें. अनेक घरांत ही रेघ चुना देतांना पुसली जाते आणि चार वर्षांत उंचीविषयीं भांडण सुरू होतें. आजोबा छातीपर्यंत म्हणतात, काका गुडघ्यापर्यंत. रेघ कायम ठेवावी, आणि वहीची, औषधांची व बियाण्याची फळी तिच्या निदान दोन हात वर ठोकावी.